मांडवासमोरची लाल गाडी

बाई लग्नाला डबा घेऊन जायच्या.

आमंत्रण आलं की त्या कधी नाही म्हणायच्या नाहीत. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत दोन चपात्या, घेवड्याची कोरडी भाजी. कार्यालयाच्या फाटकाशी पोचल्या की आधी मांडवासमोर बघायच्या. आमच्या सातारा-सांगलीकडे मुलीच्या बापानं जावयाला दिलेली चारचाकी मांडवासमोर उभी करतात. बॉनेटवर फितीचं भलंमोठं फूल, मागच्या काचेवर दोघांची नावं आणि भोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी. गाडी दिसली नाही तर बाई आत जायच्या, अक्षता टाकायच्या, पंगतीत पोटभर जेवायच्या आणि जिलेबी मागून घ्यायच्या. गाडी दिसली तर फाटकातच थांबायच्या. "नवरीला आशीर्वाद सांगा. मी जेवायला थांबत नाही." मग त्या गप्प उभ्या राहायच्या, कुणीतरी कारण विचारेपर्यंत. कुणीतरी विचारायचंच. बाई बोटानं गाडी दाखवायच्या आणि समोरच्या झाडाखाली बसून, सगळ्या वऱ्हाडाला दिसेल अशा, डबा खायच्या.

सख्ख्या भाच्याच्या लग्नातही त्यांनी हेच केलं. कराडला. नवरदेवाची आत्या झाडाखाली चपाती मोडतेय म्हटल्यावर त्यांचा भाऊ फेटा सावरत धावत आला.

"ताई, आत चल. लोक बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच बसलेय."

"अगं, मागितली नाही आम्ही! त्यांनी हौसेनं दिली!"

"मग हौसेनं परत कर. मी आत्ता येते जेवायला."

त्या दिवसापासून भावानं बोलणं टाकलं. दिवाळीला बाई त्याच्या घरी फोन करायच्या, तो उचलायचा नाही, बाई पुढच्या दिवाळीला पुन्हा करायच्या.

त्या आम्हाला साताऱ्यात मुलींच्या शाळेत भूमिती शिकवायच्या. मी नववीत असताना त्यांनी माझ्या हातात पहिलं पत्रक ठेवलं. हुंड्याविरुद्धचं, एका पानाचं. "वाच आणि यात काय खोटं आहे ते शोधून आण," म्हणाल्या. मला काही सापडलं नाही. "नीट शोधलं नाहीस," असं म्हणून त्यांनी मला ते परत वाचायला लावलं. आमच्या घरात देवाच्या पोथ्या होत्या, माझ्या दप्तरात पत्रकं होती. मी त्यांच्यावरच वाढले आणि मला त्याचा अभिमान आहे. जे एका पानात सांगता येत नाही ते लोकांपासून लपवायचं असतं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

बाईंचे पत्रकाचे नियम कडक होते. एका पानात एकच मुद्दा. "दुसरा मुद्दा असेल तर दुसरं पान काढा." विशेषणं खोडायची. "विशेषण म्हणजे पुरावा संपल्याची खूण." छापण्याआधी पत्रक मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि तेही आपल्या माणसाला नाही. राजवाड्याच्या चौकात भाजीवाल्या मावशींपुढे उभं राहून त्या वाचायच्या. मावशी मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत ऐकायच्या. "मग काय करायचं म्हंता?" असं मावशींनी विचारलं तर पत्रक पास. "लय छान लिवलंय," म्हणाल्या तर नापास. लय छान म्हणजे कळलं नाही, असा बाईंचा हिशोब होता.

कुणाच्या घरी गेल्या तर त्या घरची सून बसल्याशिवाय चहाचा कप उचलायच्या नाहीत. कितीदा तरी चहा गार झालेला मी पाहिलाय. सासवा कावायच्या, सुना कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. बाई छताकडे बघत बसायच्या.

त्यांच्या एका सवयीचं मात्र मला कोडं होतं. एसटीत त्या ड्रायव्हरच्या पाठीमागची पहिली जागा धरायच्या आणि रस्त्याकडे न बघता ड्रायव्हरच्या पायांकडे बघायच्या. पन्नाशीत त्यांनी गाडी चालवायचा परवाना काढला होता. क्लासमध्ये त्या एकट्याच बाई होत्या. गाडी मात्र कधी घेतली नाही. आमच्या पथनाट्याची उसनी जीप त्याच चालवायच्या. मी त्याला काटकसर समजत होते. कामाला लागतं तेवढं शिकायचं, लागतं तेवढंच वापरायचं. तत्त्वाची माणसं अशीच असतात, असं मी आमच्या गटातल्या नव्या मुलींना सांगायचे.

आमचा गट म्हणजे दहाबारा माणसं. बैठक तात्यांच्या छापखान्यात व्हायची. तात्या छापखान्याचे मालक आणि आमची पत्रकं कागदाच्या किमतीत छापून देणारे. "मांडवासमोर गाडी असेल तर जेवणार नाही" ही शपथ आम्ही गावोगाव घ्यायला लावत होतो. त्या कामातूनच रूपाली आमच्याकडे आली.

ती तासगावकडच्या एका गावातली. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, चार एकर द्राक्षबाग. लग्न होऊन ती साताऱ्यात आली होती. मांडवासमोर तिची गाडी उभी होती. छोटी, दोन रंगांची, अंग लाल आणि टप काळा, मागं पंख लावलेली. स्पोर्टी गाडीच पाहिजे, असा मुलाचा हट्ट होता. गाडीची कागदपत्रं रूपालीच्या नावावर होती, एवढी एक गोष्ट सुभेदारांनी शहाणपणानं केली होती. वर्ष सरायच्या आत सासरी नवं मागणं निघालं, मग बोलणं, मग हात. एक दिवस ती फक्त पर्स घेऊन आमच्या छापखान्यात आली आणि कागदाच्या रिमांवर बसून राहिली.

पुढं जे व्हायचं ते झालं. पोलीस ठाणं, समेटाच्या बैठका, शेवटी फारकतीचा दावा. तिची भांडी, दागिने आणि गाडी परत द्यायचं सासरच्यांनी ठाण्यात लिहून दिलं. गाडी ताब्यात घ्यायचा दिवस आला तेव्हा सुभेदारांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. ठरवलेला ड्रायव्हर ऐनवेळी आला नाही. त्याला कुणी आणि का अडवलं हे सांगायला नको. नवऱ्याचा भाऊ ठाण्याच्या आवारात सगळ्यांदेखत म्हणाला, "गाडी न्यायची तर न्या. सातारा ओलांडून कशी जाते ते बगतो."

बाईंनी हात पुढे केला. "किल्ली."

मी शेजारी बसले. रूपाली आधीच माहेरी पोचली होती. गाडी महामार्गाला लागली आणि आरशात पांढरी जीप दिसायला लागली. आत चौघं. आम्ही हळू झालो की ती हळू, आम्ही वेग घेतला की तिचाही वेग. नागठाण्याच्या पुढे ती आमच्या बरोबरीला आली. खिडकीतून एकजण हातानं 'बाजूला घे' अशी खूण करत होता आणि हसत होता.

"बाई, पळवा."

"पळणाऱ्याच्या मागं लागायला मजा येते," बाई म्हणाल्या. "रांगणाऱ्याच्या मागं किती वेळ लागतील?"

उसाचे दिवस होते. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता. बाईंनी गाडी त्याच्या मागं घातली आणि बैलगाडीच्या चालीनं चालायला लागल्या. पाचटाचा भुगा काचेवर पडत होता. जीपवाल्यांनी हॉर्न वाजवले, पुढं जाऊन थांबले, परत मागं आले. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून त्यांना अशी शिवी घातली की बाईंनी "अगबाई" म्हटलं. महामार्गावर चौघा जवानमर्दांना एका म्हाताऱ्या मास्तरणीमागं रांगताना येणारेजाणारे बघत होते. उंब्रजच्या पुलाशी जीप वळली आणि परत गेली.

मी सुटकेचा श्वास सोडला. बाईंनी नाही. ट्रॅक्टरला मागं टाकून त्यांनी समोरचा रिकामा रस्ता पाहिला.

"आता बघू," त्या म्हणाल्या.

त्यानंतर जे झालं ते मला पत्रकाच्या भाषेत सांगता येत नाही. गाडी जमिनीला पोट टेकून पळाल्यासारखी पळाली. बाईंचा अंबाडा सुटला. एक हात गियरवर, ओठ आवळलेले आणि त्या आवळलेल्या ओठांतून शीळ. भूमिती शिकवणाऱ्या, झाडाखाली डबा खाणाऱ्या, भावाला मुकलेल्या माझ्या बाई शीळ घालत होत्या. कराड आलं. तिथून ताकारी-पलूसच्या रस्त्याला लागलो, तो अरुंद, वळणावळणांचा. बाई वळणाआधी वेग कमी करायच्या आणि वळणात तो वाढवायच्या. प्रत्येक वळणाला त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायचं. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. जीपची वाटली त्यापेक्षा जास्त.

काही महिन्यांनी छापखान्यातल्या बैठकीत, विषय संपल्यावर, चष्मा पुसत बाई म्हणाल्या, "रूपालीचे वडील गाडी विकतायत. मी घ्यावी म्हणतेय."

तात्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "कुठली गाडी?"

"ती लाल."

"बाई, लय झालं आवं! तुमी गाडी घ्या, कुणी न्हाई म्हणत न्हाई. पण हीच का? बाजारातल्या गाड्या मेल्या व्हय?"

"हीच आवडली. माणसाला एक आवडते तात्या, बाजार आवडत नाही."

मी म्हटलं, "बाई, फारकतीचा दावा अजून चालू आहे. त्यांचा वकील म्हणेल, पोरीचा संसार मोडला आणि गाडी घशात घातली."

"म्हणेल. बाजारभावानं विकत घेतली तरी म्हणेल."

"आणि शपथ घेतलेली गावं? आपण लोकांना ज्या गाडीपुढं जेवू नका म्हणतो, तीच गाडी तुम्ही चालवणार?"

"गाडीनं काय केलंय गं?" बाई एकदम चिडल्या. "मला ती चालवायचीय. तिचं पत्रक नाही काढायचं."

आमच्यात कुणी असं बोलत नसे. आमच्या प्रत्येक गोष्टीला अर्थ असायचा. चपलेलासुद्धा. बाईंनीच तो लावायला शिकवलं होतं. आणि आता साठीला आलेली ही बाई, आमच्यासमोर, हट्टी पोरीसारखी म्हणत होती की हिला एक गोष्ट हवीय, अर्थाशिवाय.

बातमी बैठकीबाहेर गेलीच. राजवाड्यावर, पोवई नाक्यावर, फोनवरच्या गटांतून फिरली. 'बाईंचं तत्त्व आता पेट्रोलवर चालणार.' 'डब्यासाठी डिकी पायजे होती.' दोन गावांतून निरोप आले की बाईंचं खरं असेल तर आम्हीही शपथेतून मोकळे. तिकडच्या वकिलानं पुढच्या तारखेला विषय काढायची तयारी केलीय, असंही कानावर आलं. नको असलेलं सगळं पंधरवड्यात दारात येऊन उभं राहिलं. ज्या पोरीसाठी आम्ही जीपच्या पुढं गाडी घातली तिचाच दावा आता बाईंच्या आवडीवर टांगला होता. मी बाईंकडे गेले आणि न बसता बोलले.

"तुम्ही गाडी घेतलीत तर मी गट सोडेन."

बाई म्हणाल्या, "धमकी हा मुद्दा नाही. लिहून आण. माझ्याविरुद्ध पत्रक. एक पान. मला पटलं तर गाडीचं नाव काढणार नाही. नाही पटलं तर घेणार, मग तू राहा नाहीतर जा."

त्या हसत नव्हत्या. पण मी त्यांचीच विद्यार्थिनी होते. लिहिलं. जीव तोडून लिहिलं. त्या पानातला एकही मुद्दा मी आजही मागे घेत नाही. जो दुसऱ्याला शपथ घालतो त्याला स्वतःची आवड खाजगी ठेवता येत नाही. मला हे तेव्हा खरं वाटत होतं आणि आज जास्त खरं वाटतं.

छापखान्यात बाईंनी ते पान मोठ्यानं वाचलं. मावशींसमोर वाचतात तसं, सपाट आवाजात. तात्या मशीन बंद करून उभे होते. वाचून झाल्यावर बाईंनी लाल पेन काढलं.

"'चैनीची, छचोर, बुटकी गाडी.' चैनीची आणि छचोर विशेषणं आहेत. बुटकी हा आरोप आहे का? मीही बुटकी आहे." खोडलं. "'आपले कार्यकर्ते एसटीनं फिरतात.' मीही फिरणार. गाडी घेतली म्हणून एसटी बंद पडत नाही." खोडलं. "'सख्ख्या भावाला काय तोंड दाखवाल?' भाऊ माझा आहे. तो तुझा मुद्दा नाही." खोडलं. "'विरोधी वकील याचा फायदा घेईल.' हे खरं आहे." त्याच्याखाली त्यांनी रेघ ओढली. "दावा संपेपर्यंत थांबेन. पण थांबणं म्हणजे सोडणं नाही. सोडावी असं यात काय आहे?"

त्यांनी पान उलटं करून पाहिलं, मागं कोरं होतं. परत सुलटं केलं. तात्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

"यात गट आहे," बाई हळूहळू म्हणाल्या. "कोर्ट आहे, गावं आहेत, माझा भाऊ आहे, मी आहे. जिची गाडी आहे ती कुठंय?"

मी म्हटलं, "तिच्या वडिलांनीच तर तुम्हाला..."

"वडिलांनी. मलाही त्यांनीच विचारलं आणि मीही त्यांनाच हो म्हटलं." बाईंनी पेनचं टोपण लावलं. "उद्या तासगावला जायचं. तूही ये. तुझं पान घेऊन ये."

सुभेदारांनी आम्हाला पडवीत बसवलं. गाडी समोरच्या बेदाण्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. नुसत्या आकारावरून ओळखू येत होती.

"आवं बाई, आनखी काय इचारायचं? तुमीच घ्या. ती दारात हाय तवर मला झोप न्हाई. येणारा-जाणारा इचारतो. मीच पसंत केली होती, रंगबी मीच. पावण्यांनी सांगितलं, स्पोर्टी पायजे. आमी आपलं यस सर. जिंदगीभर हुकूम पाळायची सवय."

चहा आला. बाईंनी कप उचलला नाही. "रूपालीला बोलवा. बसू दे इथं."

रूपाली आली. हाताला पीठ तसंच होतं. बसली. आधीपेक्षा वाळली होती, पण डोळे खाली नव्हते.

"गाडी मी घेऊ का?" बाईंनी सरळ विचारलं. "तुला विचारतेय. अण्णांना नाही."

रूपालीनं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बाईंकडे. "घ्या. पण माझी एक अट हाय."

"बोल."

"रोज त्यांच्या आळीतनं न्यायची. सकाळी, समदी दारात असत्यात तवा. दारापुढं उभी करायची आन् हॉर्न वाजवायचा. सासूबाई बाहेर येस्तवर." "पैसे न्हाई दिलं तरी चालंल. येवढं करा."

खरं सांगायचं तर माझ्या मनात त्या क्षणी सगळं बदललं. त्याच गाडीतून, त्याच आळीतून, बाई रोज जाणार! असलं पत्रक आम्ही जन्मात काढलं नव्हतं. सगळे मुद्दे एका फटक्यात सुटत होते. गाडीही मिळत होती आणि अर्थही. मी बाईंच्या दंडाला हात लावला. बाईंनी फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या.

"का?"

"कारण मग ती गाडी त्यांचीच राहील. रोज त्यांच्या दाराला बांधलेली. मी ड्रायव्हर."

"मग तुमाला कशाला पायजे ती?" रूपाली तडकलीच. "समदी म्हणत्यात, बाईंचा काईतरी हेतू असंल."

"हेतू नाही गं. मला ती पळवायचीय. कासच्या रस्त्याला. एकटीला."

"कुणाकडं जायला?"

"कुणाकडं नाही."

"मंग काय आणायला?"

"काही नाही. जायचं आणि यायचं."

"म्हंजे नुसतं?"

"नुसतं."

रूपाली बाईंकडे बघत राहिली. शेडवरचा पत्रा उन्हानं तडतडत होता. सुभेदार काही बोलायला गेले, बाईंनी हातानं थांबवलं.

"माझ्या नावावर गाडी," रूपाली म्हणाली, "पण मी पुढच्या शिटावर कवाच बसले न्हाई. पुढं सासूबाई. मी मागं, मांडीवर पिशव्या घिऊन." मग जरा वेळानं, वेगळ्याच आवाजात, "कशी पळते ओ ती?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. मला वाटतं, त्यांना तिथंच दिसलं. मी समोरच होते, मलाही दिसलं. या प्रश्नाला 'बरी पळते' एवढं उत्तर पुरेसं होतं. 'पेट्रोल लय खाते' म्हटलं असतं तर सुभेदारांनी मान हलवली असती आणि दावा संपताच गाडी साताऱ्याला लागली असती. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"पहिल्या गियरला ती कुरकुरते," त्या म्हणाल्या. "आळशी पोरीसारखी. दुसऱ्याला ऐकते. तिसरा टाकला की तुला पाठीत कुणीतरी हळूच ढकलल्यासारखं वाटतं, उठ म्हणून. पलूसच्या अलीकडं एक वळण आहे, उसातून. वळण यायच्या आधी वाटतं, आपल्याला जमणार नाही. तेव्हा पाय जरा काढायचा आणि वळणात शिरलं की परत दाबायचा. मग गाडी आपोआप वळत नाही, तू वळवतेस. ते हाताला कळतं. इथं." त्यांनी स्वतःचा तळवा रूपालीपुढं धरला. "त्या वेळी डोक्यात काही नसतं. कोर्ट नाही, लग्न नाही, पत्रक नाही. मला साठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

रूपालीनं त्या तळव्याकडे पाहिलं. पिठाचे हात पदराला पुसले.

"मंग मला न्हाई विकायची," ती म्हणाली.

सुभेदार उठूनच उभे राहिले. "आगं, येडी का काय तू! बाईंना शब्द दिलाय मी!"

"शब्द तुमी दिलाय. गाडी माझी हाय." तिचा आवाज चढला नाही. "आन् अण्णा, पहिला शब्दबी तुमीच दिला होता."

सुभेदार तसेच उभे राहिले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. थोड्या वेळानं आत गेले, किल्ली घेऊन आले आणि ती रूपालीच्या हातात दिली. सलाम ठोकल्यासारखे ताठ झाले.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

निघताना रूपाली शेडपर्यंत आली. ताडपत्रीची एक कड तिनं वर केली, लाल पत्रा दिसला. "बाई, येकदा चालवता का? रस्त्यापतूर? मी शेजारी बसते."

"नको," बाई म्हणाल्या. "क्लास लाव. तासगावात असतील."

"तुमी शिकवा की."

"नाही जमणार मला," बाई म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही उभ्या होतो. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा होत्या, औषध फवारल्याचा वास येत होता. माझ्या छातीत आनंद मावत नव्हता. मी पिशवीतून माझं पान काढलं, त्यावर त्यांच्या लाल रेघा होत्या. जे आम्ही दहा वर्षं गावोगाव ओरडून सांगत होतो ते आज एका मुलीनं स्वतःच्या बापाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. दावा वाचला होता, शपथ वाचली होती, गट वाचला होता. टिंगल करणाऱ्यांची तोंडं उद्या बंद होणार होती.

"बाई," मी म्हटलं, "आपण जिंकलो."

बाई रस्त्याकडे बघत होत्या. एसटी अजून दिसत नव्हती.

"तू जिंकलीस," त्या म्हणाल्या. "मला गाडी हवी होती."